सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. शेक-शेगडी, तेलाचे मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल आणि पोटाला गुंडाळलेले जुने मऊ लुगडे. या दिवसांत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिच्या अवतीभवती असतात. सव्वा महिना उलटला की ज्या-त्या आपापल्या कामाला लागतात. बाळंतीणही न्हाऊनमाखून स्वयंपाकघरात शिरते आणि तिचे बाळंतपण संपले, असे घर ठरवून टाकते. बाळाची चौकशी पुढे वर्षभर चालू राहते. त्याचे वजन, त्याचे दात, त्याचे पहिले पाऊल यांची नोंद सारा गाव ठेवतो. त्याच्या आईच्या शरीराची चौकशी मात्र तेथेच थांबते. फार तर कुणी म्हणते, ‘‘आता झालीस की पूर्वीसारखी!’’

या ‘पूर्वीसारखी’ शब्दाविषयी मला लिहायचे आहे. तसे लिहिण्यास निमित्त आहे माझ्या धावण्याचे.

मी खेळाडू नव्हे. शाळेत असताना लिंबू-चमच्याच्या शर्यतीपलीकडे माझी मजल गेली नव्हती. वयाच्या सव्विसाव्या वर्षी बैठ्या नोकरीने पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता पाय केव्हा पळू लागले ते कळले नाही. आमच्या वसईत त्यासाठी मैदान शोधावे लागत नाही. पहाटे पाचला घराबाहेर पडावे, वाडीतली वाट ओलांडावी, बावखलाच्या कडेने रस्त्याला लागावे आणि सनसिटी-गास रस्त्याने समुद्राच्या वाऱ्याला सामोरे जावे. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, क्वचित एखादा बगळा, पलीकडून येणारा दूधवाला. २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन भरू लागली आणि आमच्या भागात धावणाऱ्या माणसाकडे वळून पाहण्याचे लोकांनी हळूहळू सोडून दिले. डिसेंबर २०१९ मध्ये त्या शर्यतीत मी अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, दोन तास चौदा मिनिटांत पूर्ण केली. जिंकणाऱ्यांच्या हिशेबी ही वेळ काहीच नव्हे. मला मात्र त्या दिवशी आपण आपल्याच पायांवर उभ्या आहोत, या वाक्याचा नेमका अर्थ कळला.

ऑगस्ट २०२३ मध्ये मला मुलगी झाली. प्रसूती नैसर्गिक झाली, टाके पडले. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती मलाही मिळाली. सव्वा महिना सासूबाईंनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. त्या काळात जुन्या रीतींबद्दलचा माझा आदर वाढला, कारण आजचे वैद्यकशास्त्रही पहिले सहा आठवडे विश्रांतीचेच मानते. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय आक्रसत आक्रसत सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. केवढे काम हे! आणि तेही रात्रीच्या जागरणात, बाळाला पाजता पाजता. आपल्या आज्यांनी वजनकाट्याशिवाय हा हिशेब बरोबर बसवला होता.

परंतु गर्भाशय जागेवर आले म्हणजे सारे शरीर जागेवर आले, असे नाही. नऊ महिन्यांत पोटाच्या मधोमधचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. कित्येक बायांची पावलेही लांब-रुंद होतात आणि जुन्या चपला होईनाशा होतात. सर्वांत मोठा ताण पडतो तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग यांना खालून तोलून धरतात. बाळ बाहेर येताना त्यांना कधी नव्हे एवढे ताणावे लागते. पोटाला गुंडाळलेल्या लुगड्याने वरून आधार वाटतो, पण ही झोळी त्याने भक्कम होत नाही.

हे सारे मी आज लिहीत आहे. तेव्हा ते मला कुणी सांगितले नव्हते. ऑक्टोबरपासून मी रोज चालत होते. आधी अंगणात, मग वाडीतून, मग अर्धा तास रस्त्याने. चार महिने पूर्ण झाल्यावर, डिसेंबरातल्या एका थंड पहाटे, मुलीला पाजून सासूबाईंपाशी ठेवले आणि बुटाच्या नाड्या बांधल्या. शंभर-दीडशे पावले हलकेच धावले असेन. पाय उत्तम चालत होते, दमही टिकला होता. पण माझे कपडे ओले झाले होते. लघवीवर माझा ताबा राहिला नव्हता. त्या मोकळ्या रस्त्यावर मला पाहणारे कुणी नव्हते, तरी मी कमरेला ओढणी गुंडाळून खाली मान घालून घरी परतले.

पुढच्या काही आठवड्यांत मी हा विषय तीन-चार जणींपाशी धीर करून काढला. प्रत्येकीचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच होते. एक मैत्रीण म्हणाली, ‘‘मी तर शिंकतानाही पाय जुळवून उभी राहते.’’ दुसरीने उड्या मारणे, धावती गाडी पकडणे, मोठ्याने हसणे हे सारे सोडून दिले होते. एका डॉक्टरबाईंनी माझे बोलणे पुरते ऐकून न घेताच सांगितले, ‘‘बाळंतपणानंतर हे होतेच. धावायचे कशाला? चाला की!’’ साधारण तीन स्त्रियांपैकी एकीला प्रसूतीनंतर हा त्रास होतो. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट आणि तिला आमच्या बोलण्यात धड नावही नाही! गुडघा दुखला तर आपण चारचौघांत सांगतो, तेल मागतो, वैद्याचा पत्ता विचारतो. या दुखण्याचा मात्र पत्ताच पुसून टाकलेला.

धावणे सोडून देणे सोपे होते. तान्ह्या मुलीच्या आईने ते सोडले असते तर कुणाला नवल वाटले नसते; उलट ‘आता शहाणी झाली’ असेच म्हटले गेले असते. पण मला प्रश्न पडला की, आज धावणे सोडायचे, उद्या शिडी चढणे, परवा मुलीबरोबर उड्या मारणे. हे आक्रसत जाणे थांबणार कोठे? गर्भाशयाने आक्रसावे हे निसर्गाचे काम आहे. बाईचे आयुष्य आक्रसावे, हे कुणाचे काम?

अखेर माझ्या पतींनीच चौकशी करून मुंबईतील एका फिजिओथेरपिस्ट बाईंची वेळ घेतली. त्यांनी पहिल्या भेटीत मला तासभर प्रश्न विचारले. प्रसूतीला किती वेळ लागला, टाके कसे भरले, खोकताना काय होते, झोप किती होते. चार महिन्यांत ‘बाळ कसे आहे’ याच्यापलीकडे जाऊन कुणीतरी मला माझ्याविषयी विचारत होते. मग तपासून त्यांनी सांगितले, ‘‘हे सर्रास घडते, पण म्हणून ते सोसत बसायचे नसते. बहुतेकींचे व्यायामाने सुधारते. तीन महिने मला द्या.’’

व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक. वायू सरताना जसा आवरून धरतो, तसे खालचे स्नायू आत आणि वर ओढून घ्यायचे, श्वास न रोखता आठ-दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा. नंतर तितक्याच वेळा चटकन आवळून सोडायचे. हे दिवसातून तीनदा. सैल सोडणेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे, हे त्या पुनःपुन्हा बजावत. त्याला हळूहळू पोटाचे, मांड्यांचे आणि नितंबांचे व्यायाम जोडले गेले. धावताना प्रत्येक पाऊल पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीइतका भार येतो आणि एका किलोमीटरला हजाराहून अधिक पावले पडतात. तो भार झेलायचा तर नुसती झोळी बळकट असून भागत नाही. तिला धरणारे खांबही पक्के हवेत.

ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये यासाठी काही मार्गदर्शक सूचना तयार केल्या. प्रसूतीनंतर निदान बारा आठवडे तरी धावू नये आणि तो काळ संपला म्हणजे आपोआप परवाना मिळाला असेही समजू नये, हे त्यांचे सार. आधी काही साध्या परीक्षा द्यायच्या. सलग अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, एका पायावर दहा वेळा अर्धवट खाली बसून उठणे, जागच्या जागी मिनिटभर धावणे, पुढे दहा उड्या आणि प्रत्येक पायावर दहा लंगड्या. हे करताना वेदना, खाली काही उतरल्यासारखा जडपणा किंवा लघवीचा थेंब, यांपैकी काहीही जाणवू नये. मी या परीक्षा माजघरात दिल्या. माझी मुलगी सतरंजीवर पडल्यापडल्या माझ्या लंगड्या पाहून खदखदून हसत असे. शेवटची लंगडी साधायला मला एप्रिल २०२४ उजाडला.

त्यानंतर एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे वीस मिनिटे. हा कार्यक्रम ऐकून एकवीस किलोमीटर धावलेल्या बाईला हसू यावे. पण पहिल्या कोरड्या मिनिटाने मला जो आनंद दिला, तो २०१९ च्या पदकाने दिला नव्हता. फेब्रुवारीत रजा संपून नोकरी सुरू झालेली होती. वसई रोडहून सकाळची लोकल गाठायची असल्यामुळे हातात पहाटेचाच अर्धा तास उरे. रात्री मुलगी तीनदा उठली असेल, तर तो अर्धा तासही झोपेला द्यायचा, हे मी ठरवून टाकले होते. बाहेर पडण्यापूर्वी पाजून निघावे. तिचे पोट भरते आणि आईलाही हलके वाटते. बेताच्या व्यायामाने दूध आटते हा समज खरा नाही. मात्र पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा रोज पाचशे-सहाशे कॅलरी अधिक लागतात, मग धावणारीची गोष्टच वेगळी. बाळंतपणातली चरबी उतरवण्यासाठी उपाशी राहून पळणे म्हणजे दोन्हीकडून जळणारी मेणबत्ती. शिवाय रक्त तपासून घेणे आलेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. दम लागतो तो सरावाअभावी की रक्ताअभावी, हे घड्याळ सांगू शकत नाही.

या काळात मी वाचलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फॅनी ब्लँकर्स-कून या डच धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली. वय तीस वर्षे, पदरात दोन मुले. शर्यतीपूर्वी अनेकांनी टीका केली होती की, दोन लेकरांच्या आईने पळत सुटण्याऐवजी घर सांभाळावे. चार पदकांनंतर तेच लोक तिला कौतुकाने ‘उडती गृहिणी’ म्हणू लागले. त्याच १९४८ साली अमेरिकेतील आर्नल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी, प्रसूतीनंतर दुबळे झालेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात, असे सांगणारा लेख प्रसिद्ध केला. आज मी करते तो व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकाच वर्षीच्या या दोन गोष्टी. पहिली जगभर गाजली. दुसरी पाऊणशे वर्षांत माझ्या गावातल्या एकाही बाईच्या कानावर आली नव्हती. वास्तविक पदक एकीच्याच गळ्यात पडते. व्यायाम प्रत्येकीच्या घरात पोहोचायला हवा होता.

आमच्या घरात तो पोहोचला तो असा. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही काकी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, अजून लाल लुगडे नेसणारी, वाडीत भाजीची जुडी बांधावी तर तिनेच. मला आठवते तेव्हापासून ती मिस्सेला सर्वांत मागच्या, दाराजवळच्या बाकावर बसते आणि प्रवचनाच्या मध्येच उठून बाहेर जाते. तिची भक्ती जरा उतावीळ आहे, अशी आम्ही तरुण मंडळी थट्टा करत असू. एका दुपारी मी माजघरात व्यायाम करत असताना ती भाजी घेऊन आली आणि ‘‘हे काय चाललंय गं बाय?’’ म्हणून विचारू लागली. मी सांगितले. काकी बराच वेळ गप्प राहिली. मग उंबऱ्यावर बसून हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे, यावर काही करता येतं?’’

पाचव्या बाळंतपणानंतर पंधराव्याच दिवशी ती विहिरीवर पाणी शेंदायला उभी राहिली होती. घरात दुसरे हात नव्हते. तेव्हापासून तिचे अंग बाहेर येत होते. चाळीस वर्षे तिने हे सासूला, नवऱ्याला, लेकींना, कुणालाही सांगितले नव्हते. लांबच्या यात्रेला ती गेली नाही, नातवाच्या लग्नात नाचली नाही, दाराजवळचा बाक सोडला नाही. आम्ही तिच्या स्वभावाचे म्हणून जे जे ओळखत होतो, त्यातले कितीतरी या एका दुखण्याने घडवलेले होते.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई आणि मी तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासून आतून आधार देणारी एक मऊ रिंग बसवली आणि हेच व्यायाम सांगितले. शस्त्रक्रियेचा मार्गही असतो, पण तिच्यासाठी तूर्त याने भागेल, असे त्या म्हणाल्या. दहा-दहा वेळा तीनदा मोजायचे, हे मी समजावू लागले तशी काकी म्हणाली, ‘‘मोजायचं मला काय शिकवतेस? पन्नास वर्षं जपमाळ मोजते मी!’’ चार-पाच महिन्यांत तिचा त्रास पुष्कळ कमी झाला. सवय म्हणून ती अजूनही दाराजवळच बसते. पण प्रवचन अर्धवट टाकून उठत नाही.

काकीमुळे माझ्या धावण्याचे ध्येय पार बदलून गेले. ‘बाळंतपणानंतर इतक्या महिन्यांत पूर्वीची वेळ गाठायची’ असा बेत मी एका वहीत लिहून ठेवला होता. तो आता मला अपुरा वाटू लागला. वृत्तपत्रांतून आपण विजयाच्या कथा वाचतो. पॉला रॅडक्लिफ हिला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. हे आपल्या लक्षात राहते. त्या दहा महिन्यांत तिच्या पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाला तडा गेला होता, हे राहत नाही. आपल्या पी. टी. उषा यांना १९९२ मध्ये मुलगा झाला. त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि १९९८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, फुकुओका येथील आशियाई स्पर्धेत दोनशे आणि चारशे मीटरमध्ये कांस्यपदके व रिलेमध्ये सुवर्णपदक घेऊन आल्या. सहा वर्षांचे हे अंतर मला दहा महिन्यांच्या चमत्कारापेक्षा जास्त धीर देते. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रसूत स्त्रियांकडून आठवड्याला दीडशे मिनिटांच्या मध्यम व्यायामाचीच अपेक्षा केली आहे, आणि तीही हळूहळू गाठायची. भराभर चालणेसुद्धा त्यात मोजले जाते.

२०२४ च्या डिसेंबरात मॅरेथॉन आमच्या भागातून गेली, तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. धावणाऱ्यांना पाणी देताना हात शिवशिवले, खोटे कशाला सांगू! पण मन खट्टू झाले नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये एका रविवारी मी सलग दहा किलोमीटर धावले, एक तास बारा मिनिटांत. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पूर्वीपेक्षा मी संथ झाले आहे. शिंक आली तर आजही मी आधी तळाचे स्नायू आवळते, मग शिंकते. ‘पूर्वीसारखी’ मी झालेले नाही. आणि ज्या शरीरातून एक माणूस जगात आले, त्याने पूर्वीसारखे का व्हावे, हे मला आता कळेनासे झाले आहे. त्याने धडधाकट व्हावे, एवढे पुरे.

माझ्या धावण्याला गावाने नावे ठेवली नाहीत असे नाही. ‘‘पोर रडतेय आणि आई पळतेय’’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. त्यावर सासूबाईंनी दिलेले उत्तर मात्र मला ठाऊक नव्हते. ते शेजारणीकडून कळले. त्या म्हणाल्या होत्या, ‘‘पोर माझ्याजवळ आहे. आणि तिची आई पळून कुठं जात नाहीय, घरीच परत येते.’’ जिच्या पाठीशी अशी सासू आहे तिला प्रशिक्षकाची काय गरज! कोणत्याही बाळंतिणीचा अर्धा तास हा दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. तो सासूने द्यावा, आईने द्यावा आणि मुख्य म्हणजे बाळाच्या बापाने द्यावा. आमच्याकडे आठवड्यातील तीन पहाटा माझ्या पतींच्या वाट्याला आहेत, आणि मुलीची दुपटी बदलण्यात त्यांनी माझ्यापेक्षा चांगली वेळ नोंदवली आहे.

वाचकहो, प्रत्येक आईने धावलेच पाहिजे असे मी मुळीच म्हणत नाही. कुणाला पोहायचे असेल, कुणाला लग्नात नाचायचे असेल, कुणाला निर्धास्तपणे शिंकायचे असेल. पण आपल्या धर्मग्रामांतून महिला मंडळांच्या सभा भरतात, विवाहेच्छू तरुण-तरुणींचे वर्ग होतात, आरोग्य शिबिरे होतात. तेथे साखर आणि रक्तदाब तपासला जातो. त्याच टेबलावर एखाद्या जाणकार बाईने येऊन बायांना हे दहा मिनिटांचे व्यायाम शिकवायला हरकत कोणती? आणि घराघरांतून, सव्वा महिना संपल्यावर आणखी एकदा, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कुणीतरी बाळंतिणीपाशी बसून विचारावे, ‘‘बाळ छान आहे. तू कशी आहेस? खोकताना, उचलताना, चालताना काही त्रास होतो का?’’ काकीला हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नाही. माझी मुलगी मोठी होईल तेव्हा तो विचारण्यासाठी कुणाला धीर गोळा करावा लागू नये, एवढी व्यवस्था आपण हाती असलेल्या वर्षांत करू शकतो.